सेल्फ-फीडर पुन्हा चालू करताना : आयोवातल्या जुन्या मळणी यंत्रावरचा माझा अनुभव

मळणी यंत्राचा सगळ्यात अवघड भाग कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी दाणे झोडणारा फिरता ड्रम म्हणणार नाही, चाळण्या तर नाहीच. अवघड आहे ते यंत्राचं तोंड. दाणा झोडून काढणं, भुसा उडवणं ही कामं यंत्राला लवकर जमली. पण घास किती द्यायचा आणि कधी थांबायचं, हे ठरवायला तोंडाशी माणूसच उभा राहायचा. त्या माणसाला तिथून हलवणारा जोड म्हणजे सेल्फ-फीडर. गेल्या हंगामात असाच एक फीडर आम्ही पुन्हा चालता केला, त्याची ही हकीकत.

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहते. व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनिअर, माहेर बार्शी तालुक्यातलं. या भागात जुन्या शेतीयंत्रांचं वेड फार. माउंट प्लेझंट गावचा मेळा तर १९५० पासून भरतो आहे. आमच्या गावाजवळही असाच एक लहानसा क्लब आहे. त्यांच्या शेडमध्ये १९२०च्या दशकातलं पत्र्याचं मळणी यंत्र होतं. ड्रम, चाळण्या, पंखा सगळं शाबूत, फीडर मात्र गंजून बसलेला. मेळ्यात मंडळी ते यंत्र रिकामंच फिरवून दाखवायची. बघायला आलेली मुलं विचारायची, ‘यातून दाणे कधी निघणार?’ फीडरचं काम मी मागून घेतलं. क्लबातले दोघे सोबत आले. त्यांतल्या एकांनी ऐंशी पार केली होती आणि लहानपणी हे यंत्र खरोखरीच्या मळणीत चालताना पाहिलं होतं. त्यांच्याशिवाय हे काम झालंच नसतं.

हे काम आयोवात करायला मिळालं, याचा मला वेगळाच आनंद होता. इथल्या न्यूटन गावात १८९३ साली चौघांनी मिळून एक कंपनी काढली. धंदा काय, तर मळणी यंत्रांना जोडायचे, पेंढ्यांचे बंध कापणारे सेल्फ-फीडर बनवायचे. त्या चौघांत एक फ्रेडरिक मेटॅग. फीडर खपायचे ते सुगीच्या तोंडावर, उरलेलं वर्ष कारखान्याला काम नसायचं. ती पोकळी भरायला त्यांनी १९०७ मध्ये कपडे धुण्याचं यंत्र काढलं. पुढे मेटॅग म्हणजे वॉशिंग मशीन हेच समीकरण झालं आणि फीडर लोकांच्या विस्मरणात गेले. मला विचाराल तर माणसांचे हात वाचवण्याचं श्रेय त्या विसरलेल्या फीडरला जास्त आहे.

फीडर यायच्या आधीची पद्धत क्लबातल्या त्या ऐंशी पार केलेल्या आजोबांनी आपल्या वडिलांकडून ऐकली होती. यंत्राच्या तोंडाशी फळ्यांचा माचा. मधे घास देणारा, त्याच्या दोन बाजूंना बंध कापणारे. बहुतेक वेळा ही पोरंच असत. गाडीवरून पेंढी येऊन पडली की पोराने सुरीने बंध कापायचा. मग मधल्या माणसाने पेंढी पसरवून, ओंब्या पुढे करून ती दातेरी ड्रमात सोडायची. धुळीत डोळे उघडे ठेवणं मुश्कील, एका बाजूला सुरी, समोर ड्रम, आणि यंत्र थांबलं तर मागे अख्खी टोळी खोळंबलेली. घास देणारा कसबी असेल तरच यंत्राचा आवाज एकसारखा राहायचा. आमची आजी जात्यात वैरण घालताना मूठ जशी जात्याच्या चालीवर सोडायची, तसंच हे कसब. फक्त इथे चुकीला हाताची किंमत होती.

कायद्यालाही ही जागा फार आधी दिसली होती. ब्रिटनमध्ये १८७८ साली खास मळणी यंत्रांसाठी कायदा झाला आणि त्यात ड्रम व घास देण्याचं तोंड झाकून ठेवणं सक्तीचं केलं गेलं. त्याच्याही आधी, १७८६च्या सुमारास, स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलच्या यंत्रात पीक दोन रुळांमधून आत ओढलं जायचं. म्हणजे आपोआप घास देण्याची कल्पना मळणी यंत्राइतकीच जुनी. पण अमेरिकेतल्या दातेरी, वेगवान ड्रमाला रूळ पुरे पडणारे नव्हते. इथे बांधलेली पेंढी यायची. तिचा बंध कापायचा, ती विसकटायची आणि पातळ थर करून आत सोडायची, अशी तीन कामं एकाच जोडाने करायची होती.

आता दुरुस्तीकडे येते. फीडर म्हणजे ढोबळमानाने यंत्रापुढे आलेला लांब हौद. तळाशी साखळीवर ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांचा सरकता पट्टा आणि मधोमध उभी फळी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या गाड्यांवरून येणाऱ्या पेंढ्या एकमेकींत अडकत नाहीत. पट्ट्याच्या वरच्या टोकाला क्रँकवर बसवलेल्या दातेरी सुऱ्या. त्या खाली येताना बंध कापतात आणि पेंढी पुढे ओढतात. त्यांच्याखाली दात्यांची एक रांग पेंढीचा खालचा थर मागे धरून ठेवते, नाहीतर सगळी पेंढी एकदम ड्रमावर जाऊन आदळेल.

पट्ट्या कुजल्या होत्या, त्या ओकच्या नव्या कापून बसवल्या. साखळी सुट्या कड्यांची, एकमेकांत अडकवायची. तिची बरीच कडी झिजलेली निघाली, पण अशी साखळी आजही मिळते. बसवताना आकड्याची उघडी बाजू बाहेर ठेवायची, हे आजोबांनी मी विचारायच्या आत सांगून टाकलं. सुऱ्यांना धार लावणं, गंज काढणं, रंग देणं यात आठवडे गेले, पण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

खरा वेळ गेला तो गव्हर्नरवर, म्हणजे चाल आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेवर. या फीडरला दोन गव्हर्नर आहेत. पहिला वेगाचा. ड्रम पुरेशा वेगाने फिरायला लागल्याशिवाय तो पट्ट्याला गती देतच नाही, आणि ड्रम मंदावला की लगेच गती काढून घेतो. दुसरा पिकाच्या थराचा. पट्ट्यावरून वर चढणारा थर जाड झाला की त्यावर टेकलेला दांडा उचलला जातो आणि पट्टा थांबतो. दोन्ही वेळेला फक्त पट्टा थांबतो, सुऱ्या चालूच राहतात. त्यामुळे तोंडाशी साचलेलं पीक हळूहळू विंचरून आत जातं, ड्रम मोकळा होतो, वेग चढतो आणि पट्टा आपसूक पुन्हा सुरू होतो. कोणाला हात घालावा लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी, विजेच्या एका तारेशिवाय, नुसती वजनं, स्प्रिंगा आणि घर्षण यांवर हे साधलेलं आहे. नोकरीत मी रोज सेन्सर आणि कंट्रोलर हाताळते, तरी इतका नेटका विचार मला फार थोड्या ठिकाणी दिसला आहे.

आमच्या वेगाच्या गव्हर्नरच्या क्लचवरचं चामडं तेल पिऊन गुळगुळीत झालं होतं. वजनं बाहेर फेकली जायची, पण पकड येत नव्हती. स्प्रिंगही सैल पडलेली. यंत्राचं माहितीपुस्तक मिळालं, पण त्यात गव्हर्नरबद्दल चारच ओळी होत्या. मग मी जुनी पेटंटं शोधली. ती आता कोणालाही ऑनलाइन फुकट वाचता येतात आणि त्यांतली रेखाचित्रं फार बारकाईने काढलेली असतात. आमच्यासारख्याच फीडरच्या चित्रावरून कुठला वॉशर कुठे हे कळलं आणि एक तुकडा गायब आहे हेही कळलं. तो लेथवर करून घेतला. नवं चामडं बसवलं, स्प्रिंग बदलली आणि ड्रमच्या शाफ्टला फेरे मोजणारा टॅकोमीटर लावून बसलो. आमचा ड्रम पूर्ण वेगात मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतो. त्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पट्टा सुरू व्हावा, असं आम्ही ठरवलं. एक नट जरासा फिरवायचा, ट्रॅक्टरचा वेग चढवायचा, आकडा वाचायचा, पुन्हा उतरवायचा. आजोबा टॅकोमीटरकडे बघतही नव्हते. डोळे मिटून ड्रमचा आवाज ऐकायचे आणि ‘अजून थोडं’ म्हणायचे. आकडा आणि त्यांचा कान जुळला तिथे नट पक्का केला.

जुलैत क्लबच्या तुकड्यावरचे ओट्स बाईंडरने, म्हणजे कापून पेंढ्या बांधणाऱ्या यंत्राने, कापले, पेंढ्या उभ्या रचून वाळवल्या आणि मळणीचा दिवस धरला. यंत्र पाणपातळी लावून समतल केलं, ट्रॅक्टर समोर उभा करून त्याच्यावरून यंत्र फिरवणारा लांब पट्टा एक पीळ देऊन चढवला. क्लबचा नियम असा की पेंढ्या टाकणाऱ्याने आधी तासभर नुसतं बघायचं. मग माझ्या हाती तीन दातांचा लांब दांड्याचा काटा आला.

पेंढी ओंब्यांकडून टाकायची, मधल्या फळीला समांतर. दुसरी पेंढी पहिलीच्या बुडख्यावर थोडी चढली पाहिजे, म्हणजे थरात खंड पडत नाही. आडवी टाकायची नाही. काटा हातातून सुटता कामा नये. हे सगळं सांगायला सोपं, पण गाडीवर उभं राहून खाली फेकताना मनगट वळवावं लागतं, ते अंगात भिनायला वेळ लागतो. ड्रम एका सुरात घुमत होता. मग आजोबांनी समोरच्या गाडीवाल्याला खूण केली. त्याने दवाने दमट राहिलेल्या दोन जाड पेंढ्या मुद्दाम एकावर एक टाकल्या. ड्रमचा आवाज खाली उतरला, आणि त्याच क्षणी पट्टा जागच्या जागी थांबला. सुऱ्या वर-खाली होत राहिल्या, पेंढ्या कडेने विसकटत आत गेल्या, आवाज पुन्हा चढला आणि पट्टा निघाला. पलीकडच्या नळीतून ओट्सची धार वाहत होती. आम्ही तिघंही काही न बोलता पुढच्या पेंढ्या उचलायला लागलो.

त्या रात्री मी भावाला फोन केला. आमच्याकडे ट्रॅक्टरवर चालणारा हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, आहे. ज्वारी, सोयाबीन, तूर सगळं त्यातच निघतं. त्याचं तोंड म्हणजे पत्र्याचं आखूड ताट, वर झाकण नाही. मळणीत बोटं, मनगट गमावलेली माणसं मी लहानपणापासून पाहत आले आहे. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत : भाडं तासावर म्हणून घाई, रात्रीचं काम, दमलेला माणूस, लोंबती बाही, पदर, आणि अडकलेला शेवटचा पेंढा हाताने लोटायची सवय. भारतात धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ सालचा आहे आणि मळणी यंत्र त्याच्या कक्षेत येतं. भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात घास देण्याचं ताट किमान ९०० मिलिमीटर लांब आणि त्यातलं ड्रमाकडचं किमान ४५० मिलिमीटर झाकलेलं हवं, असं मापासकट लिहिलेलं आहे. हात ड्रमापर्यंत पोचूच नये, एवढाच त्यामागचा हिशेब. वेगाच्या गव्हर्नरसारखं काही आमच्या हडंब्यावर बसवणं आज परवडणारं नाही, पण लांब ताट आणि झाकण गावातला वेल्डरही करू शकतो.

मी मापं काढून चित्र पाठवलं. भावाने ते सोयाबीनच्या आधी बसवून घेतलं. सुरुवातीला मजुरांची तक्रार आली की दमट सोयाबीन झाकणाखाली तुंबतं, आणि दुसऱ्याच दिवशी झाकण काढून बाजूला ठेवलेलं सापडलं. तक्रार खरी होती. आतला पत्रा खडबडीत होता आणि वेल्डिंगचे गाठोळे राहिले होते. ते घासून घेतले, ताटाला ड्रमाकडे थोडा उतार दिला, बाहेरचं तोंड रुंद केलं. आता मागचा घासच पुढच्याला ढकलतो. ज्वारीच्या वेळी झाकण जागेवर राहिलं. कोणी असं ताट करून घेणार असेल तर एक गोष्ट आवर्जून सांगते : झाकण बिजागरीवर लावू नका, बोल्टने आवळा, आणि त्याचा पाना यंत्रापाशी न ठेवता घरी ठेवा.