आत्या की मावशी?

दर शनिवारी आम्ही पिट्सबर्गच्या वाचनालयातून पिशवीभर चित्रपुस्तकं घेऊन येतो. पाच वर्षांच्या लेकीला सध्या एकाच प्रकारची हवी असतात, घरभर माणसं जमणारी. आमच्या घरात आम्ही तिघंच, तेव्हा तिची ही ओढ मला कळते.

'सो मच' तर दोनदा मुदत वाढवून ठेवलंय. ट्रिश कुक यांनी लिहिलेलं, हेलन ऑक्सनबरी यांच्या चित्रांचं हे ब्रिटनमधलं पुस्तक १९९४ चं. कुटुंब कॅरिबियन मुळाचं. आई आणि बाळ घरात बसलेत, दारावरची बेल वाजते, आंटी बिबा येते. पुन्हा बेल, अंकल डीडी. मग दोघी आज्या, मग कझिन मंडळी. जो तो बाळाला उचलायला धावतो. शेवटी बाबा येतात आणि कळतं, सगळा घाट त्यांच्या वाढदिवसाचा! मोठ्याने वाचायला इतकं छान पुस्तक मी दुसरं पाहिलं नाही. पान उलटायच्या आतच लेक बेल वाजवते.

मी ते मराठीत सांगत जाते आणि पहिल्याच बेलला अडते. आंटी म्हणजे आत्या की मावशी? पुस्तकात काही सांगितलेलं नाही. माझं म्हणणं, वाढदिवस बाबांचा, म्हणजे त्यांची बहीण असणार. लेकीचं म्हणणं, मावशीच, कारण आमची पुण्याची मावशी अश्शीच घट्ट धरते. मावशीच ठरलं. मग लेक के के आणि रॉस या दोघा कझिनना त्या मावशीचीच मुलं करून टाकते, म्हणजे बाळाचे मावसभाऊ. महिन्याभरापूर्वी तिच्या तोंडात फक्त 'कझिन' होतं. मला याचा फार आनंद झालाय.

दुसरं लाडकं 'द रिलेटिव्ज केम', सिंथिया रायलंट आणि स्टीफन गॅमेल यांचं, १९८५ चं. त्यात कोण कुणाचं कोण, हे सांगितलेलंच नाही. व्हर्जिनियातले नातेवाईक पहाटे चारला गाडी भरून निघतात, डोंगर ओलांडून येतात आणि आठवडेच्या आठवडे राहतात. बागेत हात लावतात, मोडकंतोडकं दुरुस्त करतात. मला तर पहाटेची एसटी आणि आजोळचं माजघरच दिसतं.

परवा रात्री साडेआठला हेच पुस्तक तिने व्हिडिओ कॉलवर साताऱ्याच्या आजीला दाखवलं. तिकडे सकाळचे सहा. आजीने चहाचा कप खाली ठेवला, चष्मा लावला आणि गाडीतून उतरलेली माणसं बोटाने मोजली.

"एवढ्या सगळ्यांना अंथरुणं पुरली का गं?"

लेकीने भराभर पानं उलटली, झोपलेल्या माणसांचं चित्र कॅमेऱ्याला चिकटवलं.

"नाही ना आजी. बघ, खालीच झोपलेत. एकमेकांच्या अंगावर हात टाकून."