घराला नाव लागंल का?

जून २०२२ मधली महिलासभा. मारुतीच्या देवळात सतरंजी अंथरलेली, माझ्यापुढे प्रोसिडिंग बुक आणि विषयपत्रिकेवर पाचवा विषय: विधवा प्रथा बंद करणेबाबत.

हा विषय परिपत्रकातून आमच्याकडे आला, पण मुळात तो खालूनच वर गेलेला. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनाकाळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्या बायकोचे हाल पाहिले आणि आपल्या मागे पत्नीवर हे होऊ नये, असं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं. मग शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे रोजी ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस. १७ मे रोजी ग्रामविकास विभागाचं परिपत्रक निघालं, सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचं अनुकरण करावं म्हणून. एका गावाचा ठराव तेरा दिवसांत राज्याचा कागद होताना मी ग्रामसेविका म्हणून पहिल्यांदाच पाहत होते.

मी वाचायला घेतलं. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे. एकेका शब्दाला बायकांच्या माना खाली जात होत्या. खांबाशी एक तरणी सून बसलेली, नवरा दुसऱ्या लाटेत गेलेला. पायाच्या बोटाला जोडव्याची खाच अजून तशीच होती. तिनं विचारलं,

"मॅडम, बांगड्यांचं झालं. घराला माझं नाव लागंल का? दीर म्हणत्यात, त्यांचं लावायचं."

देऊळ गप्प. शेजारी तिची सासू. आता ही सुनेला दटावणार, असंच मला वाटलं. तिनं पदर सारखा केला.

"माझा मालक गेला तवा घर पोराच्या नावावर केलं. मला कुणी इचारलंबी न्हाई. लिवा मॅडम."

विषयपत्रिकेत घर नव्हतं. पण नवऱ्याच्या मागे बायको, मुलं आणि त्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस, हा कायदा १९५६ सालचा. एवढी वर्षं तो आमच्या गावाच्या घरपट्टीच्या रजिस्टरपर्यंत पोचलाच नव्हता, आणि त्यात माझ्या नोकरीचीही काही वर्षं गेली. ते मला आजही लागतं. मी दुसरं कलम लिहिलं: मयत खातेदाराच्या पत्नीचे व आईचे नाव वारस नोंदीत वगळू नये. सूचक सून, अनुमोदक सासू. सासूनं अंगठा उठवला, शाई पुसायला कागद पुढे केला तर नको म्हणाली.

ग्रामसभेत बांगड्यांवर फार कुणी बोललं नाही. घराच्या कलमावर मात्र तासभर वाद झाला. शेवटी हात वर करून दोन्ही कलमं मंजूर झाली.

पुढच्या आठवड्यात दोघी मृत्यूचा दाखला घेऊन कार्यालयात आल्या. मासिक सभेनं वारस नोंद मंजूर केली आणि नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या रजिस्टरला, सुनेचं, दोन नातवांचं आणि सासूचं नाव मी लिहिलं. सासू वाकून बघत होती.

"हे कुणी खोडंल का?"

"ठरावाशिवाय न्हाई, आजी."

"मंग ठरावाला आमी असूच की," ती म्हणाली, आणि पुढच्या महिलासभेची तारीख विचारून गेली.