मर्मर ऐकू आला, पुढे काय? इको (हृदयाची सोनोग्राफी) शिकण्याचा माझा अनुभव

लहान जातीच्या, वय झालेल्या कुत्र्याच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की मर्मर (ठोक्यांसोबत येणारा जास्तीचा आवाज) ऐकू येणं ही आम्हा पशुवैद्यांच्या धंद्यात रोजची गोष्ट आहे. बहुतेक वेळा कारण एकच असतं: मायट्रल झडप वयाबरोबर जाड आणि वेडीवाकडी होते, नीट मिटत नाही, आणि प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे, डाव्या एट्रियममध्ये (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात) जातं. कुत्र्यांमधला हा सगळ्यात जास्त आढळणारा हृदयविकार. यातली बरीच कुत्री हृदय निकामी होण्याच्या टप्प्यापर्यंत जातही नाहीत. जी जातात, त्यांच्या फुप्फुसात पाणी साठतं.

मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा लक्षणं नसलेल्या कुत्र्याच्या पालकांना सांगण्यासारखं फार थोडं होतं. "लक्ष ठेवा, धाप लागली की लगेच आणा." फुप्फुसात पाणी येण्याआधी एखादं औषध सुरू केलं तर तो दिवस लांबवता येतो का, या प्रश्नाला ठोस उत्तर नव्हतं. हृदयावरचा ताण कमी करणाऱ्या एसीई इनहिबिटर गटातल्या औषधांवर चाचण्या झाल्या होत्या, पण त्यांच्या निकालांवरून आपल्या टेबलावरच्या कुत्र्यासाठी निर्णय घ्यावा इतकी स्पष्टता आली नव्हती.

2016 मध्ये एपिक चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. 360 कुत्री, पिमोबेंडन हे हृदयाचं औषध विरुद्ध प्लासिबो (औषध नसलेली गोळी), कोणाला काय मिळतंय हे ना पालकांना माहीत, ना डॉक्टरांना. हृदय निकामी होणं किंवा हृदयविकाराने मृत्यू येणं इथपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या कुत्र्यांना तिथे पोचायला लागलेला) प्लासिबो गटात 766 दिवस होता, तर औषध घेणाऱ्या गटात 1228 दिवस. म्हणजे साधारण पंधरा महिन्यांचा फरक. मधल्या टप्प्यावरच फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवण्यात आली. औषध बनवणाऱ्या कंपनीनेच या चाचणीला पैसा पुरवला होता, हे वाचताना लक्षात ठेवलंच पाहिजे. तरीही तिची आखणी पक्की होती आणि पूर्ण लेख ज्या पत्रिकेत आला ती सगळ्यांना विनामूल्य वाचता येते. मी तो सारांशावर न थांबता पूर्ण वाचला, आणि त्याच वाचनाने पुढचं सगळं सुरू झालं.

कारण ही चाचणी मर्मर असलेल्या प्रत्येक कुत्र्यावर झालेली नव्हती. त्यात घेतलेल्या कुत्र्यांचा मर्मर सहापैकी किमान तिसऱ्या ग्रेडचा होता आणि हृदय वाढलेलं होतं. वाढलेलं म्हणजे किती, तेही आकड्यांत ठरलेलं होतं: डाव्या एट्रियमचं एओर्टाशी (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीशी) गुणोत्तर किमान 1.6, वजनानुसार दुरुस्त केलेला डाव्या व्हेंट्रिकलचा (खालच्या कप्प्याचा) व्यास किमान 1.7, आणि एक्स-रेवर व्हीएचएस (मणक्यांच्या मापात मोजलेला हृदयाचा आकार) 10.5 पेक्षा जास्त. 2019 च्या एसीव्हीआयएम या पशुवैद्यकीय तज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेच्या सहमती-निवेदनानेही याच धर्तीवर बी2 टप्पा (लक्षणं नाहीत, पण हृदय वाढलेलं) ठरवला आणि त्या टप्प्यावर पिमोबेंडनची शिफारस केली. बी1 मध्ये, म्हणजे मर्मर आहे पण हृदय वाढलेलं नाही अशा वेळी, औषध नाही. सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

आता बातमी कळली होती, पण ती वापरायची तर हृदय मोजता यायला हवं होतं. माझ्याकडे सोनोग्राफीचं मशीन होतं, पोटासाठी. प्रत्येक मर्मरला हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवणं कागदावर बरोबर असतं. प्रत्यक्षात पालक जात नाहीत, आणि गेले तरी दर सहा महिन्यांनी जात नाहीत. इको शिकायचं मी ठरवलं ते एवढ्याचसाठी. तज्ज्ञ व्हायचं नव्हतं. बी1 आणि बी2 यांतला फरक स्वतःच्या टेबलावर, खात्रीने सांगता यावा, इतकंच हवं होतं.

सुरुवात एक्स-रेपासून केली, कारण ते हातात होतं. व्हीएचएस ही पद्धत 1995 पासूनची. बाजूच्या एक्स-रेवर हृदयाची लांबी आणि रुंदी घ्यायची, दोन्ही मापं चौथ्या वक्षीय मणक्याच्या पुढच्या कडेपासून मणक्यांवर मांडायची आणि मोजायची. ऐकायला सोपं आहे. पण कुत्रं जरासं तिरकं झोपलं असेल, किंवा फिल्म श्वास सोडताना घेतलेली असेल, तर हृदय मोठं भासतं. जुन्या फिल्म काढून मी त्या नव्याने मोजल्या. मग 2018 मध्ये आलेली व्हीएलएएस ही पद्धत शिकले, ज्यात फक्त डाव्या एट्रियमची लांबी मणक्यांत मोजतात. इको शक्यच नसेल तिथे व्हीएचएस 11.5 किंवा त्याहून जास्त, किंवा व्हीएलएएस 3 किंवा त्याहून जास्त, हा बी2 साठी बऱ्यापैकी भक्कम आधार धरतात. ज्यांच्याकडे इको नाही अशा सहकाऱ्यांना मी मनापासून सांगेन की एवढं तरी आजपासून सुरू करा. फक्त बुलडॉग, पग, कॅव्हेलियर अशा जातींचं निरोगी व्हीएचएससुद्धा मुळात जास्त असतं, ते ध्यानात ठेवून.

इकोसाठी आधी वेबिनार पाहिले, भरपूर पाहिले. त्यांनी डोळा तयार होतो. चित्र चांगलं कसं दिसतं ते कळतं. हात मात्र तयार होत नाही. पडद्यावर वक्ता जेव्हा "आता प्रोब थोडा फिरवा" म्हणतो, तेव्हा चित्र आधीच दिसलेलं असतं. आपल्या टेबलावर मात्र आधी बरगडीची सावली दिसते, मग फुप्फुसाची हवा, मग मधेच काहीतरी हलतंय एवढंच.

म्हणून प्रत्यक्ष हाताने शिकवणारा कोर्स शोधला. निवडताना क्रेडिट किती मिळणार हा प्रश्न मी शेवटी ठेवला. एका मशीनवर किती जण असणार, जिवंत कुत्री असणार की फक्त मॉडेल, कोर्स संपल्यावर आपण काढलेली चित्रं कोणी तपासून देणार का, आणि खर्च एखादी कंपनी उचलत असेल तर शिकवणाऱ्यांवर तिचा किती हात आहे, हे आधी विचारलं. चित्रं तपासून देण्याची सोय होती, त्यावरच माझा निर्णय झाला. मागे वळून पाहता सर्वांत मोलाची गोष्ट तीच ठरली.

कोर्समध्ये पहिला बराच वेळ मापाला हातही लावू दिला नाही. कुत्रं उजव्या कुशीवर, टेबलाला खाच, आणि त्या खाचेतून खालून वर प्रोब. केस काढलेले, जेल भरपूर. आधी लांब अक्ष, मग तिथून प्रोब फिरवून आडवा छेद, मग हळूहळू हृदयाच्या तळाकडे. तिथे एओर्टा गोल दिसते, तिच्या तीन पाकळ्या मिटल्या की गाडीच्या त्या प्रसिद्ध तीन टोकांच्या खुणेसारखं चित्र उमटतं, आणि तिच्या शेजारी डावं एट्रियम. आमच्या शिक्षिका एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायच्या, "चित्र मिळाल्याशिवाय माप नाही." एओर्टा गोल न दिसता लांबट दिसत असेल तर छेद तिरका आहे, आणि तिरक्या छेदावर घेतलेला आकडा कितीही दशांशांपर्यंत असला तरी तो निरुपयोगी.

माप घेण्याची नेमकी वेळही ठरलेली आहे: एओर्टाची झडप मिटल्यानंतरची पहिली फ्रेम. एट्रियमची कड ठरवताना फुप्फुसातून येणारी शीर त्यात धरायची नाही. ती धरली तर 1.4 चं गुणोत्तर सहज 1.7 होतं, आणि निरोगी आकाराच्या हृदयाला आयुष्यभराची गोळी लागते. व्हेंट्रिकलचा व्यास सेंटिमीटरमध्ये घ्यायचा आणि किलोग्रॅममधल्या वजनाच्या 0.294 व्या घाताने भागायचा. त्यासाठी मी मोबाईलवर एक छोटी गणनपत्रिका करून ठेवली आहे.

परत आल्यावरचा काळ सगळ्यात कसोटीचा होता, आणि माझ्या मते खरं शिक्षण तिथेच झालं. पोटाचा मोठा वक्राकार प्रोब बरगड्यांमधून पाहायला सोयीचा नसतो, त्यामुळे लहान तोंडाचा फेज्ड ॲरे प्रोब घेतला. पालकांची परवानगी घेऊन निरोगी कुत्र्यांचे इको केले, कारण निरोगी हृदय डोळ्यात बसल्याशिवाय वाढलेलं ओळखू येत नाही. एक सवय मी स्वतःला लावली: आज घेतलेली क्लिप काही दिवसांनी, आधीचा आकडा न पाहता, पुन्हा मोजायची. सुरुवातीला दोन मापांत जेवढा फरक पडे तेवढ्याने बी1 चं बी2 होऊ शकलं असतं. तो फरक कमी होईपर्यंत माझ्या आकड्यावर एकही औषध सुरू केलं नाही. सीमारेषेवरची कुत्री तज्ज्ञांकडेच पाठवली आणि त्यांची मापं माझ्या मापांशेजारी लिहून ठेवली. ही दोन रकान्यांची वही मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जवळची आहे.

बदल कुठे दिसला? मी औषध जास्त लिहू लागेन असं मला वाटत होतं. झालं असं की कितीतरी पालकांना "सध्या गोळीची गरज नाही" हे मी पुराव्यानिशी सांगू लागले. बी1 च्या कुत्र्याला औषध न देणं हाही एपिकचाच धडा आहे, पण बातमी म्हणून तो कोणी सांगत नाही. ज्यांचं हृदय वाढलेलं आहे, त्यांना पिमोबेंडन दिवसातून दोनदा, शक्यतो खाण्याच्या साधारण तासभर आधी. आणि सगळ्यांनाच झोपेतले श्वास मोजायला शिकवते: गाढ झोपेत मिनिटाला तीसच्या वर सातत्याने जाऊ लागले की फोन करायचा. पालक हे अतिशय निष्ठेने करतात. रात्री उठून मोजतात, तारखेसह लिहून आणतात. त्यांच्या त्या कागदांबद्दल मला फार आदर आहे.

इको येऊ लागल्यावर बातम्या वाचण्याची माझी रीतही बदलली. 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने काही धान्यविरहित खाद्यं आणि कुत्र्यांमधला डायलेटेड कार्डिओमायोपथी (हृदयाचा स्नायू दुबळा होऊन हृदय फुगण्याचा आजार) यांच्या संभाव्य संबंधाची तपासणी सुरू असल्याचं जाहीर केलं, तेव्हा पालक घाबरून खाद्याची पाकिटं घेऊन येऊ लागले. ती नोंद तक्रारींवर आधारलेली होती. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नव्हता. मला निदान त्या कुत्र्याचं हृदय पाहून बोलता येत होतं. नवी बातमी आली की आता मी तीन गोष्टी आधी बघते: कोणत्या कुत्र्यांवर अभ्यास झाला, तुलना कशाशी केली, आणि ती वापरण्यासाठी मला कोणतं कौशल्य लागेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "माझ्याकडे नाही" असं आलं की पुढचा कोर्स कोणता करायचा ते तिथेच ठरतं.

काही गोष्टी मी अजूनही करत नाही. जन्मजात दोष, फुप्फुसातल्या रक्तदाबाचं डॉप्लरने मोजमाप, गुंतागुंतीचे अनियमित ठोके, हे सगळं तज्ज्ञांकडे जातं. सध्या मांजरांच्या हृदयावर काम सुरू आहे. तिथे मर्मर असूनही हृदय निरोगी असू शकतं आणि गंभीर आजार असूनही मर्मर नसू शकतो, त्यामुळे 2020 चं मांजरांच्या कार्डिओमायोपथीवरचं सहमती-निवेदन पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आहे, आणि नव्या वहीत दोन रकाने आखले आहेत.