विसण

पाणी फार कढत असले की ते अंगाला सोसावे म्हणून त्यात बेताने जे गार पाणी घालतात, त्याला विसण म्हणतात. माझ्या आजोळी, राजापूरला, न्हाणीतल्या चुलीवरच्या हंड्यातून आजी घंगाळात पाणी काढी, त्यात विहिरीचे पाणी तांब्या-तांब्याने घाली आणि प्रत्येक तांब्यानंतर हाताची मागची बाजू पाण्याला लावून पाही. तळहातावर तिचा विश्वास नव्हता. चुलीशी जन्म काढलेल्या बाईच्या तळव्याला कढत काय आणि कोमट काय, सारखेच, असे ती म्हणे. माझ्या मुलीला विसण हा शब्द ठाऊक नाही, कारण तिच्या आयुष्यात ते काम नळाची मूठ करते: डावीकडे वळवली की ऊन पाणी, उजवीकडे वळवली की गार.

आम्ही राहतो त्या सिंगापुरात खरे तर त्या मुठीचेही काम पडू नये. विषुववृत्त येथून अवघ्या १३७ किलोमीटरांवर आहे. पहाटेचा पारा २४-२५ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो, दुपारी तो ३१-३२ वर जाऊन बसतो, आणि हे जानेवारीत जसे तसेच मे महिन्यातही. लोकरीचे कपडे येथे फक्त भारतात किंवा जपानात जाण्यापूर्वी कपाटातून निघतात. गार पाण्याचा नळ सोडला तरी बादलीत पडते ते कोमटच. अशा शहरात माणसे पैसे मोजून ४२ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसतात, हे मला प्रथम कळले तेव्हा कोकणातल्या माणसाने नारळ विकत घेण्यासाठी घाट चढावा तसे वाटले.

तरीही गेले. कलांगच्या स्टेडियमलगतच्या मॉलमध्ये जपानी पद्धतीचे एक मोठे स्नानगृह आहे आणि माझी एक नागपूरची मैत्रीण तेथे नेमाने जाते. जपानी रीतीप्रमाणे तेथे बायकांचा आणि पुरुषांचा भाग वेगळा असतो आणि आत अंगावर एक सूतही ठेवायचे नसते, ही माहिती तिने मला मुद्दाम मेट्रोत बसल्यावर, परतीची वाट बंद झाल्यावर दिली. "आणि ओळखीचे कुणी भेटले तर?" मी विचारले. "तर त्यांनाही तसेच असावे लागेल," ती म्हणाली. या उत्तरात काही खोट काढता येईना, म्हणून मी गप्प बसले. आमच्याकडे गरम पाण्याच्या कुंडांवर बायका नऊवारीसकट पाण्यात उतरत आणि ओल्यानेच कोरडे लुगडे गुंडाळून घेण्याची कसरत अशी सफाईने करीत की पाहणाऱ्याला लुगडे बदलले केव्हा हे कळू नये. त्या कसरतीची वारस असलेली मी हातभर रुंदीचा पंचा धरून उभी होते, आणि तो नेमका कुठे धरावा याचा निर्णय होत नव्हता. पाच मिनिटांनी ध्यानात आले की माझ्याकडे कोणीही पाहत नाही. सत्तरीची आजी, विशीतली मुलगी, कोणाच्या पोटावर बाळंतपणाची खूण, कोणाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेची. सगळ्या आपापल्या कामात होत्या.

काम म्हणजे अंघोळ. येथे कुंडात उतरण्यापूर्वी अंघोळ उरकायची असते, आणि ती उभ्याने नव्हे. भिंतीलगत बसके स्टूल मांडलेले असतात, समोर आरसा, हाताशी लहानसे घमेले आणि फवारा. त्या स्टुलावर बसून साबण लावायचा, अंग चोळायचे, फेसाचा शेवटचा थेंब जाईपर्यंत धुवायचे, केस वर बांधायचे आणि मगच पाण्याकडे वळायचे. पंचा कुंडात बुडवायचा नाही; घडी करून डोक्यावर ठेवायचा किंवा काठावर. त्या बसक्या स्टुलावर बसताच मला नरकचतुर्दशीच्या पहाटेचा पाट आठवला. फरक इतकाच की आमची अंघोळ तेथे संपते आणि यांची तेथून सुरू होते. आपल्या लेखी पाणी अंग स्वच्छ करण्यासाठी असते. जपानी रीतीत स्वच्छ झालेले अंग पाण्यात ठेवायचे असते. कुंडात बसून माणूस काहीच करीत नाही. बोलतो तेही हळू.

माझी मैत्रीण या जागेला ओनसेन म्हणते. मला शब्दांचा कीस पाडण्याची खोड आहे, म्हणून सांगते की ओनसेन म्हणजे जमिनीतून आपणहून निघालेले ऊन पाणी. नळाचे साधे पाणी तापवून सार्वजनिक हौदात भरले तर त्याला जपानी माणूस सेंतो म्हणतो. जपानने यासाठी १९४८ साली चक्क कायदा केला. त्यानुसार भूगर्भातून निघणारे पाणी उगमाशी किमान २५ अंश तापमानाचे असावे, किंवा त्यात ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी पुरेशा प्रमाणात असावा. हा २५ अंशांचा आकडा वाचून मला हसू आले. जपानच्या थंडीत तो मानाचा आहे, पण सिंगापुरात स्वयंपाकघरातला नळ सोडला तरी हाती येते ते पाणी त्याहून उष्ण असते. ते जमिनीतून आलेले नसते म्हणून, नाहीतर कायद्याने आमचे घरही ओनसेन ठरले असते.

मूळ प्रश्न मात्र तसाच राहतो, की मुळात उकडत असताना उकळत्या पाण्यात का बसावे. त्याचे उत्तर मला कुंडात मिळाले नाही, बाहेर आल्यावर मिळाले. ४२ अंशांच्या पाण्यात अंगाची उष्णता बाहेर टाकायला वाटच उरत नाही, कारण भोवतालचे पाणीच अंगाहून उष्ण असते. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी भरभर चालू लागते, चेहरा लाल होतो. दहा मिनिटांनी उठून शेजारच्या गार पाण्याच्या हौदात उतरायचे. पहिल्या क्षणी तोंडून जो आवाज निघतो तो कोणत्याही भाषेतला नसतो. मग पुन्हा ऊन पाण्यात, पुन्हा गारात. कढत पाणी आणि गार पाणी येथे दोन हौदांत वेगळे ठेवलेले असते आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या माणसाला विसण घातले जाते, असे मला त्या वेळी वाटले आणि अजूनही वाटते.

रात्री नऊच्या सुमारास आम्ही मॉलबाहेर पडलो. बाहेर नेहमीचीच हवा होती, तीस अंशांच्या जवळपासची, ओल्या फडक्यासारखी. तापलेल्या ओलसर कातडीला मात्र ती हवा चक्क गार लागत होती. सिंगापुरात गारवा नेहमी यंत्राकडून मिळतो. या शहराच्या यशाचे मोठे श्रेय सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी वातानुकूलन यंत्राला दिले होते, आणि ते अतिशयोक्तीने दिले होते असे येथे राहणारा कोणी म्हणणार नाही. आम्ही एका गार पेटीतून दुसऱ्या गार पेटीत जातो आणि मधले अंतर शक्य तितक्या लवकर ओलांडतो. त्या रात्री मी बसथांब्यावर उघड्या हवेत उभी होते आणि पहिली बस मुद्दाम सोडून दिली. हे सुख जेमतेम पंधरा मिनिटे टिकले. दुसरी बस येईपर्यंत पाठीवर घामाची ओळखीची धार सुरू झाली होती.

खऱ्या झऱ्याच्या पाण्यात विसण घालायला सगळेच जपानी राजी नसतात, हे मला मागाहून कळले. कुसात्सू नावाच्या गावी झऱ्याचे पाणी पन्नास अंशांहून अधिक तापमानाचे येते, तेव्हा तेथल्या बायका माणसाच्या उंचीच्या लाकडी फळ्या घेऊन, गाणे म्हणत, ते पाणी ढवळून-ढवळून निववतात. युमोमी असे त्या रीतीचे नाव. गार पाणी मिसळले तर पाण्याचा गुण पातळ होईल, ही त्यामागची धारणा. आजीला हे सांगितले असते तर तिने आधी फळ्यांची किंमत विचारली असती.

खऱ्या झऱ्यासाठी सिंगापुरातून जपानला जावे लागत नाही. शहराच्या उत्तरेला सेम्बावांग येथे एक आहे, आणि मुख्य बेटावर तो एकुलता एक आहे. तेथे पूर्वी जे गाव होते त्याचे नाव कांपोंग आयर पानस. मलय भाषेत आयर म्हणजे पाणी आणि पानस म्हणजे ऊन. हे वाचले आणि मला घरी आल्यासारखे झाले, कारण आमच्या कोकणात पालीजवळ उन्हेरे आहे, दापोली तालुक्यात उन्हवरे आहे, आणि राजापूरच्या ज्या झऱ्यावर आजी आम्हाला नेत असे त्या गावाचे नावच मुळी उन्हाळे. पाणी ऊन आहे, एवढे सांगून दोन्हीकडची माणसे थांबली.

दोन्हीकडचे कारणही एकच आहे. कोकणच्या काळ्या कातळाखाली आता धगधगता ज्वालामुखी नाही आणि सेम्बावांगच्या ग्रॅनाइटखाली तर नाहीच नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, आणि जमिनीत प्रत्येक किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढत जात असल्यामुळे तेथे तापते, मग एखाद्या मोकळ्या भेगेने वेगाने वर येते. उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या आसपास असते, सेम्बावांगचेही तितकेच.

या झऱ्याच्या वाट्याला मात्र पुष्कळ उलाढाली आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी तो लोकांच्या नजरेस आला, पुढे फ्रेझर अँड नीव्ह या पेयांच्या कंपनीने तेथले पाणी बाटल्यांत भरून विकले, आणि १९४२ साली जपानी सैन्याने सिंगापूर घेतल्यावर त्यांनी येथे स्नानगृहे बांधली. म्हणजे या शहरात जपानी पद्धतीने ऊन पाण्यात बसणे मॉलच्या आधी फार वर्षे झाले होते, फक्त ते कोणाच्या हौसेने नव्हते, आणि त्या वर्षांत बाहेर काय चालले होते हे येथली म्हातारी माणसे अजून विसरलेली नाहीत. पुढे ही जागा लष्कराच्या विमानतळाच्या हद्दीत गेली, झरा कायमचा बुजणार अशी लोकांना भीती वाटली, त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, आणि २००२ साली तो सर्वांना खुला झाला. जानेवारी २०२० मध्ये तेथे नीटनेटके उद्यान झाले. त्यात पायऱ्या-पायऱ्यांचे एक कुंड आहे. वरच्या पायरीवर पाणी सत्तर अंशांचे, खाली येता येता ते चाळीसपर्यंत निवते, आणि तेथे पाय सोडून बसायचे. विसण न घालता पाणी निववण्याची ही युक्ती मला कुसात्सूच्या फळ्यांपेक्षा आवडली. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

एका रविवारी मी घरची निळी बादली घेऊन मेट्रोने निघाले. वातानुकूलित डब्यात रिकामी बादली मांडीवर घेऊन बसलेल्या बाईकडे लोक जितके टाळून पाहतात तितके कुंडातल्या उघड्या बाईकडेही पाहत नाहीत. कॅनबेरा स्थानकावर उतरल्यावर मात्र आणखी दोन बादल्या दिसल्या आणि धीर आला.

उद्यानात आठ वाजताच गर्दी होती. एका बाजूला अंडी उकडण्याची सोय आहे आणि तेथे कुटुंबेच्या कुटुंबे घड्याळ लावून बसली होती. सत्तर अंशांच्या पाण्यात अंडे आपल्या सवयीच्या उलट शिजते: बलक आधी धरतो आणि पांढरे मऊ, दह्यासारखे राहते, कारण पांढऱ्याला घट्ट व्हायला बलकाहून अधिक उष्णता लागते. शेजारच्या मुलाने फोडलेले अंडे वाटीत ओघळले. ते बघून त्याला ते कच्चेच वाटले, आणि चमच्याने आत पाहिल्यावर पिवळा गोळा अखंड निघाला. त्याने तो दोन वेळा उलटा-सुलटा करून पाहिला, आईला दाखवला आणि सोया सॉस घालून खाल्ला.

मी नळावर बादली भरली आणि पाय घालायला गेले. घातला नाही. वाफ येत होती, पाण्याला किंचित गंधकाचा वास होता, आणि गार पाणी आणायला मी विसरले होते. आजोळच्या, उन्हाळे गावच्या झऱ्याचे पाणी अंगाला सोसेल असेच बाहेर येते. तेथे कधी विसण लागले नव्हते. शेजारी घडीच्या खुर्चीवर एक चिनी आजी बसल्या होत्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही पाय लाल बादलीत. पायाशी पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, बादलीकडे पाहिले, एक बाटली उचलली आणि न विचारता माझ्या बादलीत ओतू लागल्या, धार बारीक धरून, मध्ये थांबत. थोडे ओतून झाले की त्या स्वतःची टाच माझ्या बादलीत क्षणभर टेकवून काढून घेत आणि पुन्हा ओतीत. अर्धी बाटली संपल्यावर त्यांनी मान वर करून मलय भाषेत विचारले, "चुकुप?" म्हणजे पुरे का.

मी बोट बुडवून पाहिले आणि घाईत मराठीतच म्हणाले, "अजून थोडे." त्यांनी अजून थोडे घातले.