उलटी प्रदक्षिणा: मॅडिसनमधले बिनतिकिटाचे पंधरा दिवस

"आई, इथे डॉलरचे रुपये करत बसायचं नाही," अशी ताकीद लेकीने विमानतळावरच दिली होती. ह्यांनी त्यावर तोडगा काढला. खर्चच केला नाही तर गुणाकार करायचाय कशाला? त्यामुळे मॅडिसनच्या पंधरा दिवसांत तिकीट काढून काहीही बघायचं नाही, असं ठरलं. लेक पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. सकाळी आठला लॅबमध्ये गेली की संध्याकाळी सहाला उगवायची. तिच्या स्टायपेंडवर आमची चैन नको, हा माझा मुद्दा. ह्यांचा मुद्दा निव्वळ तत्त्वाचा होता. बसभाडं आणि आइस्क्रीम मात्र हिशेबात धरायचं नाही, एवढी सूट मी आधीच मिळवून ठेवली.

मॅडिसन ही विस्कॉन्सिन राज्याची राजधानी. वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास, आणि विद्यापीठाचे विद्यार्थीच पन्नास हजारांच्या घरात. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांच्या मधे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावर शहराचा मध्य वसलाय. पट्टीच्या उंचवट्यावर कॅपिटल, म्हणजे राज्याचं विधानभवन. तिथून निघालेली स्टेट स्ट्रीट थेट विद्यापीठाच्या दारात जाऊन थांबते. एवढा नकाशा डोक्यात बसला की पुरे.

पहिलाच शनिवार होता, म्हणून सकाळी कॅपिटलभोवतीच्या शेतकरी बाजारात गेलो. १९७२ पासून भरतो, एप्रिल ते नोव्हेंबर. नियम असा की ज्याने पिकवलं किंवा बनवलं त्यानेच विकायचं, मधे दलाल नाही. चौकाच्या चारही बाजूंना टेबलं मांडलेली, मधोमध तो पांढराशुभ्र घुमट. आम्ही सवयीने कॅपिटल उजव्या हाताला ठेवून चालायला लागलो. दहा पावलांत एका बाबागाडीला अडलो, मग दुसऱ्या, मग कुत्र्याच्या पट्ट्यात माझा पाय. सगळी गर्दी आमच्या अंगावर चालून येत होती. शेवटी हॅट घातलेल्या एका आजीबाईंनी हसत हसत हवेत बोटाने गोल काढून दाखवला, तेव्हा उजेड पडला. इथे सगळे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. "हे देऊळ उलट्या प्रदक्षिणेचं दिसतंय," हे म्हणाले आणि निमूट वळले.

फेरी उलटी असली तरी प्रसाद होता. चीजवाल्यांच्या टेबलावर चाखायला तुकडे ठेवलेले असतात. ताजे 'चीज कर्ड', म्हणजे ताज्या चीजचे छोटे गोळे, दाताखाली चक्क कुईकुई वाजतात, ओल्या काचेवर बोट घासावं तसे. ह्यांनी तो आवाज नीट ऐकू यावा म्हणून तीन वेगवेगळ्या टेबलांवर खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी तो आवाज निघत नाही म्हणे, म्हणून ताजेपणाची हीच परीक्षा.

तिथूनच कॅपिटलमध्ये शिरलो. ना तिकीट, ना ओळखपत्र. आमची पिशवीसुद्धा कोणी उघडून पाहिली नाही. आधीचं विधानभवन १९०४ मध्ये आगीत गेलं. हे १९०६ ते १९१७ या काळात बांधलं. उंची २८४ फूट, आणि घुमट ग्रॅनाइटचा. इतका मोठा ग्रॅनाइटचा घुमट जगात दुसरा नाही. सोबतच्या वाटाड्या बाई उत्साहाने सांगत होत्या, पण आमचं लक्ष दगडात. जिन्यांच्या आणि भिंतींच्या दगडांत जीवाश्म आहेत, आणि पोरं वाकून वाकून ते शोधत असतात. आम्हीही वाकलो. गव्हर्नरच्या कचेरीबाहेर धातूचा बॅजर आहे. बॅजर हा या राज्याचा प्राणी. नाक चोळलं की नशीब उघडतं या श्रद्धेपायी त्याचं नाक लख्ख पिवळं झालंय, बाकी अंग काळपट. मी चोळलं. ह्यांनी, कोणी बघत नाही असं पाहून, दोनदा.

या घुमटाचा आम्हाला खरा उपयोग नंतर झाला. कॅपिटलपासून एक मैलाच्या आत घुमटाच्या खांबांच्या तळापेक्षा उंच काही बांधायचं नाही, असा राज्याचा कायदाच आहे. त्यामुळे चुकलं की मान वर करायची. फोनची बॅटरी संपलेल्या दुपारी आम्ही दोनदा घुमट बघत बघत घरी पोहोचलो.

विद्यापीठातलं भूशास्त्र संग्रहालय हे माझ्या मते या शहरातलं सगळ्यात मोठं घबाड, आणि फिरस्ते तिकडे फारसे फिरकत नाहीत. प्रवेश फुकट, दोन खोल्यांएवढी जागा. आत मॅस्टोडॉनचा सांगाडा उभा आहे, हत्तीचा लांबचा नामशेष भाऊबंद. १८९७ मध्ये मुसळधार पावसानंतर बोआझ गावाजवळच्या ओढ्याचा काठ खचला आणि शेतकऱ्याच्या मुलांना हाडं दिसली. शंभरेक वर्षं सगळे त्याला 'बोआझचा मॅस्टोडॉन' म्हणत होते. मग २०१५ मध्ये संशोधकांना कळलं की सांगाड्यात दोन वेगवेगळ्या प्राण्यांची हाडं जोडलेली आहेत. तरी बिचारा उभा आहे दिमाखात. त्याच्या जवळच एक अंधारी खोली. बाहेरून मातीच्या ढेकळांसारखे दिसणारे दगड तिथे जंबुपार किरणांखाली हिरवे, नारिंगी, जांभळे पेटतात. शाळेतल्या मुलांचा एक घोळका आत आला तेव्हा दगडांबरोबर त्यांचे दात आणि पांढरे टीशर्टही चमकायला लागले, आणि खोलीभर नुसती खिदळणारी बत्तीशी तरंगत राहिली.

वेधशाळेचा किस्सा सांगायलाच हवा. टेकडीवरची वॉशबर्न वेधशाळा १८८१ पासूनची. पैसे देणाऱ्या माजी गव्हर्नर वॉशबर्न यांची अट होती की दुर्बीण हार्वर्डच्या तोडीची किंवा सरस हवी. हार्वर्डच्या भिंगाचा व्यास १५ इंच, म्हणून इथला १५.६. मला ही ईर्षा फार आवडली. ठरावीक बुधवारी रात्री लोकांना फुकट बघू देतात, पण आकाश निरभ्र असेल तरच. पहिल्या बुधवारी ढग, दार बंद. दुसऱ्या बुधवारी रांगेत उभं राहून चंद्र पाहिला. वर चढायला छोटी शिडी, आणि डोळा लावताना श्वास रोखावा लागतो, नाहीतर काच धुरकटते. खड्ड्यांच्या कडांवर पडलेलं ऊन इतकं धारदार होतं की मी उगाच डोळा बारीक केला.

पहिल्या बुधवारी, दार बंद निघाल्यावर, ह्यांनी जवळच्या हिरवळीवरच्या एका उंचवट्याकडे बसायला म्हणून पावलं वळवली होती. लेक ओरडली, "बाबा, त्यावर नाही!" तो उंचवटा म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी इथल्या मूळ रहिवाशांच्या, हो-चंक लोकांच्या, पूर्वजांनी मातीचा रचलेला आकार निघाला. तिथे एक पक्षी आहे आणि एक दोन शेपट्यांचा जलदेव. जमिनीवरून काही म्हणजे काही ओळखू येत नाही, नुसतं गवत वरखाली झालेलं दिसतं. फलकावरचं चित्र बघून परत पाहिलं की हळूहळू पंख उमटतात. या जागेचं हो-चंक नाव देजोप, म्हणजे चार तळी. ह्यांनी लांबूनच हात जोडले.

आणि मग ती गोळी. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झाल्यापासून ह्यांना रोज रात्री रक्त पातळ ठेवायची वॉरफॅरिनची गोळी असते. परतताना जीवरसायन विभागाच्या इमारतीसमोर लेक थांबली आणि म्हणाली, "बाबा, तुमची गोळी इथली." १९३३ च्या फेब्रुवारीत, हिमवादळात, एक शेतकरी तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. बरोबर मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त आणि क्लोव्हर नावाच्या चारापिकाच्या सडलेल्या चाऱ्याचा ढीग. शनिवार असल्यामुळे सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद, म्हणून जे दार उघडं दिसलं तिथे शिरला. ती जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांची प्रयोगशाळा. रक्त का गोठत नाही, याचा छडा लावायला त्यांच्या लोकांना काही वर्षं लागली. सडलेल्या चाऱ्यात तयार होणारं द्रव्य त्यांनी वेगळं काढलं, त्याच्याच वाटेने पुढे वॉरफॅरिन आलं. विद्यापीठाच्या संशोधन संस्थेचं आद्याक्षरी नाव 'वॉर्फ', त्यावरून हे नाव. १९४८ मध्ये ते बाजारात आलं ते उंदीर मारायला. माणसांना द्यायला सुरुवात झाली १९५४ मध्ये.

"म्हणजे इतकी वर्षं मी उंदराचं औषध घेतोय?" हे म्हणाले. मग बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले. त्या रात्री गोळी घेताना ती नेहमीसारखी तोंडात टाकली नाही, आधी तळहातावर धरून पाहिली.

बाकीच्या जागा भराभर सांगते. ओल्ब्रिच उद्यानाचा बाहेरचा भाग फुकट, काचघराला पैसे. काचघर सोडलं तरी चालेल, पण थायलंडने भेट दिलेला सोनेरी मंडप बघाच. तिकडे उभारून, सुटा करून, जहाजातून आणून इथे पुन्हा जोडलाय. तळ्याकाठच्या मोनोना टेरेस या सभागृहाची गच्ची वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या १९३८ च्या कल्पनेतली, इमारत उघडली १९९७ मध्ये. राइट तोवर जाऊन अडतीस वर्षं झाली होती. तळ्याचं दृश्य छान, ऊन मात्र फार. चेझन कलासंग्रहालय फुकट आणि गारेगार, दुपारी बाराला जावं. विद्यापीठाच्या मेमोरियल युनियन या इमारतीमागे मेंडोटाच्या काठावर सूर्यकिरणांच्या नक्षीच्या हिरव्या, पिवळ्या, नारिंगी खुर्च्या आहेत, कितीही वेळ बसा, कोणी उठवत नाही. ऑगस्टमध्ये मेंडोटाला शेवाळाचा वास येतो, हे तेवढं कोणी आधी सांगत नाही.

व्हिलास प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांपुढे मला करमत नाही, म्हणून तासाभरात निघालो. पण ते फुकट का आहे हे कळल्यावर प्रवेशद्वारापाशी जरा थांबले. व्हिलास दांपत्याचा मुलगा हेन्री मधुमेहाने तरुणपणीच गेला. इन्शुलिन यायचं होतं अजून. त्याच्या आठवणीखातर १९०४ मध्ये त्यांनी ही जमीन दिली, आणि अट घातली की इथे कधीही प्रवेशाचे पैसे घ्यायचे नाहीत. १९११ मध्ये पहिले प्राणी आले. अट अजून पाळली जातेय.

आर्बोरेटमला, म्हणजे वृक्षोद्यानाला, मात्र पूर्ण दिवस द्या. विद्यापीठाची बाराशे एकर जागा. त्यातली कर्टिस प्रेअरी म्हणजे नांगरलेल्या, चरलेल्या जमिनीवर १९३० च्या दशकात मुद्दाम परत उभं केलेलं गवताळ रान. जगातला असला पहिला प्रयोग. प्रेअरीला अधूनमधून आग हवी असते हे याच रानात जाळून जाळून पटवलं गेलं. ऑगस्टमध्ये गवत डोक्यावर गेलेलं असतं. हे पुढे चालत होते आणि मला फक्त टोपी दिसत होती. डास खूप, पूर्ण बाह्यांचं घाला.

चौदा ऑगस्टला शहराला वेगळंच उधाण आलं. विद्यार्थ्यांच्या घरांचे बहुतेक करार याच दिवशी संपतात आणि पंधराला नवे सुरू होतात, त्यामुळे जुनं सामान सगळं फुटपाथवर. याला इथे 'हिप्पी ख्रिसमस' म्हणतात. सोफे, दिवे, मायक्रोवेव्ह, अर्धी सायकल, आणि चिकटपट्टीवर लिहिलेलं, 'चालतो, घेऊन जा'. लेकीने बजावलं होतं की गादीबिदीला हात लावायचा नाही, ढेकूण असतात. ह्यांनी लाकडी झुलती खुर्ची हेरली. एक हात खिळखिळा, बाकी ठणठणीत. घर दीड किलोमीटर. दर चौकात खुर्ची खाली ठेवायची, हे त्यात बसून दोन झोके घेणार, मग पुढचा चौक. एका ट्रकमधल्या पोरांनी हॉर्न वाजवून दाद दिली, ह्यांनी बसल्या बसल्या हात हलवला.

हात पक्का करायला दुसऱ्या दिवशी स्क्रूचं पाकीट आणि गोंद आणावा लागला. दुकानातून बाहेर पडताना पावती ह्यांच्या हातात होती, आणि ओठ हलत होते. मी काही बोलले नाही. गुणाकार पूर्ण होऊ दिला.