पॉलीच्या पत्र्याखालच्या एचेवेरिया : अखेर धागा सापडला

मंडळी, पॉलीकार्बोनेटच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) पत्र्याखाली लख्ख उजेड असूनही एचेवेरिया (जाड, गरदार पानांची झाडं) लाल का होत नाहीत, हे कोडं गेल्या पावसाळ्यापासून तुमच्यापुढे मांडतोय. पाणी तोडून पाहिलं, खत बंद केलं, कोकोपीट काढून निव्वळ सिंडर-परलाइटच्या खड्यांवर नेलं. कडा जराशा गुलाबी झाल्या, बस्स. त्याच आईची पिल्लं उघड्या कठड्यावर मात्र या थंडीत शेंदरी!

उत्तर मिळालं ते पत्र्याच्या अगदी कडेच्या कुंडीत. तिचं रोझेट (पानांचा गुलाबासारखा घेर) अर्धं बाहेर डोकावतं. बाहेरची पानं लालबुंद, आतली हिरवी. एका लाल पानावर वरचं पान टेकलं होतं. ते हळूच उचललं, तर खाली त्याच्या टोकाचा हुबेहूब हिरवा ठसा! म्हणजे रंग अख्ख्या झाडावर चढत नाही. जिथे ऊन पडतं तिथल्याच पेशी तो बनवतात.

माझा संशय आता पत्र्याच्या यूव्ही (अतिनील) रोखणाऱ्या थरावर आहे. दिसणारा उजेड तो येऊ देतो, अतिनील किरण जवळपास सगळे अडवतो. झाडं यूव्ही-बी (अतिनीलचा एक प्रकार) ओळखतात ती यूव्हीआर८ या प्रथिनाने (त्याचं हे काम २०११ मध्ये उलगडलं). ते जागं झालं की फ्लेव्होनॉइड आणि अँथोसायनिन (हाच तो लाल रंग) बनवणारी जनुकं कामाला लागतात.

पत्र्याखालचं झाड एकदम उन्हात काढलं की दुपारभरात पांढरे चट्टे का पडतात, तेही यात बसतं. हरितद्रव्याला झेपेल त्याहून जास्त ऊर्जा आली की ती ऑक्सिजनवर जाते. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी पेशींना इजा करणारी रसायनं तयार होतात. ते निस्तरायचं काम मुख्यतः हरितलवकात चालतं : क जीवनसत्त्व खर्च करून पेरॉक्साइडचं पाणी केलं जातं आणि ग्लुटाथिओन हे पेशीतलंच दुसरं रसायन ते क जीवनसत्त्व पुन्हा भरून देतं. लाल रंग असतो सालीजवळच्या पेशींच्या रसकोशात (पेशीतल्या रसाच्या पिशवीत). प्रयोगशाळेत तो जोरदार अँटिऑक्सिडंट ठरतो, पण पानात त्याचं मोठं काम गॉगलचं, असं माझं मत. म्हणून 'अँटिऑक्सिडंट फवारा' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्यांवर पैसे घालू नका.

एक छोटा आनंद : लाल पानाची साल गरम पाण्यात चुरगळली. लिंबू पिळताच गुलाबी, खायचा सोडा टाकताच हिरवट निळं. अँथोसायनिन पक्कं! (कॅक्टसवर हे करू नका, तिथे बीटालेन ही वेगळीच रंगद्रव्यं असतात.)

ग्रो लाइट (झाडांसाठीचा दिवा) घ्यायचा बेत रद्द. पत्राच काढून टाकणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं : साधी काच यूव्ही-बी बरंच अडवते, यूव्ही-ए मात्र बऱ्यापैकी सोडते. मग रंग नेमका कशाने चढतो ते कळायला एकाच आईची पिल्लं तीन गटांत ठेवतो : उघडी, काचेखाली, पॉलीखाली. बाजू मोकळ्या हव्यात, नाहीतर रात्रीचा गारवा कमी-जास्त होईल आणि गारव्यानेही रंग चढतो. पुण्यातली थंडी सरायच्या आत मांडायला हवं. कुणाकडे जुन्या खिडकीची काच पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.