पाणी सोडण्याआधी

आमचे आबा ३० वर्षं नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत मशीनवर होते. काम संपलं की मेन स्विच खाली, हा त्यांचा धर्म. घरातला कॉम्प्युटरही ते तसाच बंद करायचे. भिंतीवरचं बटण, खट्‌. टेबलफॅन तरी वेगळा कुठे बंद करतो आपण?

एकदा श्रावणात मी सोसायटीचा वर्षाचा हिशेब भरत बसले होते. चहा टाकायला उठले, तेवढ्यात मागून खट्‌. "उगाच वीज जळत होती," आबा म्हणाले. पुन्हा सुरू केल्यावर फाइल उघडली खरी, पण आत नुसते चौकोन. वॉचमनचा पगारही चौकोनात आणि टाकी धुण्याचा खर्चही चौकोनात.

आबांपुढे रॅमबिम काढून उपयोग नव्हता. मी गोदाघाट काढला. गंगापूर धरणातून पाणी सोडायचं तर काठावरच्यांना आधी इशारा देतात. टपऱ्या उचलल्या जातात, घाटावरच्या गाड्या हलतात, सराफ बाजारात खालच्या फळीवरचा माल वर चढतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागेतो काठ मोकळा झालेला असतो. 'शट डाउन' हा तो इशारा, आबा. आपण सेव्ह केलेलंही लगेच डिस्कवर पोचतंच असं नाही. वेगासाठी ते थोडा वेळ मेमरीत थांबतं, आणि वीज गेली की मेमरी कोरी. इशारा मिळाला की एकेक प्रोग्रॅम आपलं चंबूगबाळं आवरतो, उरलंसुरलं डिस्कवर जातं, कुठे काय ठेवलं त्याची नोंद पुरी होते. तुमचं खट्‌ म्हणजे न सांगता सोडलेलं पाणी. हल्ली विंडोज बदलांची टिपणवही ठेवतं, त्यामुळे डिस्कची घडी बहुतेक वेळा सावरते. पण वाहून गेलेला माल वहीतून थोडाच परत येतो?

तसं आपल्याकडे दुकानही कुणी बंद करत नाही, वाढवतात. आणि त्याला चांगला अर्धा तास लागतो.

विंडोज ९५ च्या काळात बऱ्याच मशीनवर शेवटी काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची: आता बंद करायला हरकत नाही. मग आपण हातानं बटण दाबायचं. आबांना ते फार मानवलं असतं. आता उलटीच गंमत. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करूनही विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच बांधून ठेवला जातो, सकाळी लवकर उठता यावं म्हणून. मशीन अडखळायला लागलं तर रीस्टार्टच करावं लागतं. हे मी आबांना अजून सांगितलेलं नाही. आधीच खूप झालं.

परवा रात्री शट डाउन केलं आणि नेमकं अपडेट लागलं. 'कॉम्प्युटर बंद करू नका', ३० टक्के. मी झोपायला गेले. अकराला पाणी प्यायला उठले तर आबा अंधारात खुर्ची टाकून, भिंतीवरच्या बटणावर पंजा झाकून बसलेले.

"अजून दोन-चार टपऱ्या राहिल्यात," म्हणाले. "तू झोप."